साल्व्हादोरचा खर्च आणि पीतज्वराची लस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दक्षिण अमेरिकेवरील प्रवासलेख आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून येतात आणि मी ते आवडीने वाचते. मात्र ब्राझीलचा विषय निघाला की मराठी वृत्तपत्रांना दोनच वाटा सुचतात, असे मला दिसते. एक तर कार्निव्हलमधील पिसांच्या पोशाखांची छायाचित्रे आणि त्यांच्या शेजारीच काही लाखांच्या सहलीची जाहिरात. नाहीतर लूटमारीच्या आणि गोळीबाराच्या बातम्या. नोकरी सांभाळून, रजा आणि शिल्लक दोन्ही मोजूनमापून वापरणाऱ्या माणसाला तिथे स्वतःच्या हिमतीवर जाता येते का, गेल्यास पैसा कशावर जातो आणि कोणत्या गोष्टीत हात आखडता घेऊ नये, याचा हिशेब मात्र या लेखांत मिळत नाही. मी आणि म्हापशाची माझी मैत्रीण, अशा चाळिशी ओलांडलेल्या दोघी जणी पाठीवर सॅक टाकून ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील साल्व्हादोर शहरात राहून आलो. त्या अनुभवाच्या आधाराने हा हिशेब मांडावा, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

रिओ सोडून साल्व्हादोर का, असे अनेकांनी विचारले. त्याचे पहिले उत्तर अर्थातच खर्चाचे आहे, कारण कार्निव्हल आणि नववर्षाचे दिवस वगळले तर हे शहर रिओपेक्षा स्वस्त पडते. दुसरे उत्तर आम्हा कोकण-गोव्याच्या माणसांपुरते आहे. १५४९ मध्ये पोर्तुगिजांनी वसवलेले हे शहर १७६३ पर्यंत त्यांच्या ब्राझीलची राजधानी होते आणि गोव्याहून लिस्बनला परतणारी कित्येक जहाजे त्याच्या उपसागरात थांबत असत. त्या जहाजांच्या येण्याजाण्यामुळे आपल्याकडचे आंबा, फणस आणि नारळ तिकडे रुजले, तर तिकडचा काजू गोव्यामार्गे आमच्या सिंधुदुर्गातल्या डोंगरउतारांवर आला. आमच्याकडे बागेत बोंडांचा सडा पडतो, बी काढून घेतली की ती बोंडे बहुधा कुजून जातात आणि सीमेपलीकडे गोव्यात त्यांची फेणी होते. साल्व्हादोरच्या कोपऱ्याकोपऱ्यावर मात्र त्याच बोंडांचा थंडगार रस पेल्यात मिळतो. सावंतवाडीच्या बाईने बोंडांचा रस पिण्यासाठी अटलांटिक ओलांडावा, यावर माझ्या मैत्रिणीने प्रवासभर माझी यथेच्छ थट्टा केली.

आता पैशांकडे वळते. या प्रवासाचा सर्वांत मोठा खर्च ब्राझीलमध्ये होतच नाही. तो तिकिटात होऊन गेलेला असतो. भारतातून ब्राझीलला थेट विमान नसल्यामुळे मुंबईहून आदिस अबाबा, दुबई किंवा दोहा येथे विमान बदलून साओ पाउलो गाठावे लागते आणि तिथून देशांतर्गत विमानाने सुमारे अडीच तासांत साल्व्हादोरला पोहोचता येते. साओ पाउलो ते साल्व्हादोर हे अंतर बसने कापून पैसे वाचवावेत, असा मोह नकाशा पाहून होतो. परंतु रस्ता सुमारे २,००० किलोमीटरचा आहे, प्रवास दीड दिवसाचा आहे आणि आगाऊ काढलेले विमानाचे तिकीट पुष्कळदा बसच्या तिकिटाच्या जवळपासच असते. तसाच दुसरा मोह अमेरिकेमार्गे दिसणाऱ्या स्वस्त तिकिटाचा. तिथे नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीय पासपोर्टधारकाला अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि तो काढण्याचा खर्च व प्रतीक्षा लक्षात घेतली की ते तिकीट स्वस्त राहत नाही. ब्राझीलचा व्हिसा तर वेगळाच, तोही निघण्यापूर्वी घ्यावा लागतो. गोव्यातील ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे त्यांची मात्र या कटकटीतून सुटका होते. माझ्या मैत्रिणीच्या चुलत भावंडांना व्हिसा लागत नाही, तिला लागतो. इतिहासाचे असे विनोद म्हापशात घरोघरी सापडतात.

महिना निवडण्याने जेवढे पैसे वाचतात तेवढे दुसऱ्या कशानेही वाचत नाहीत. डिसेंबरच्या अखेरीपासून कार्निव्हलपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, तिथे ऐन उन्हाळा आणि गर्दी असते, तर एप्रिल ते जुलै हे भर पावसाचे महिने असतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात ऊन सुसह्य, समुद्र उबदार आणि खोल्यांचे दर उतरलेले असतात. आपल्या दिवाळीच्या सुट्ट्या नेमक्या याच काळात येतात, ही गोष्ट प्रवासलेखकांनी शाळा-महाविद्यालयांत काम करणाऱ्या वाचकांना खरे तर ठळक अक्षरांत सांगायला हवी.

पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या लशीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि मी वाचलेल्या एकाही मराठी लेखात त्याचा उल्लेख मला आढळला नाही. ब्राझीलमध्ये उतरताना भारतीय प्रवाशाकडे या लशीचा दाखला सहसा मागितला जात नाही. त्यामुळे लशीची गरज नाही, असे आम्हाला तिकीट काढून देणाऱ्या एजंटाने छातीठोकपणे सांगितले होते. दाखला मागतो तो भारत, तोही परतताना! आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास सर्वत्र आहे. म्हणून पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे वैध दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा आपल्या सरकारचा नियम आहे. हा दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो आणि पुढे आयुष्यभर चालतो. लस मात्र कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांतच घ्यावी लागते आणि तिथे आधी वेळ ठरवावी लागते. चार पैसे वाचवून केलेल्या सहलीनंतर विमानतळावरच अडकून पडणे म्हणजे बुडत्याचा पाय खोलात. एजंटाचे न ऐकता आम्ही लस घेतली होती म्हणून दाखला दाखवून सरळ घरी आलो.

शहरात पोहोचल्यानंतरची व्यवस्था मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळ सोपी निघाली. विमानतळाच्या इमारतीपासून मेट्रो स्थानकापर्यंत मोफत बस आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्या स्थानकातून, मध्ये एकदा गाडी बदलून, जुन्या शहराजवळील लापा स्थानकापर्यंत टॅक्सीच्या भाड्याच्या अगदी किरकोळ अंशात जाता येते. उतरण्यासाठी तीन वस्त्या सोयीच्या आहेत. पेलोरिन्यो हा जुना डोंगरमाथा, १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेला. बार्रा हा दीपगृहाजवळचा किनारी भाग. आणि रिओ व्हर्मेल्यो ही कोळ्यांची जुनी वसाहत, जिथे आता रात्री उशिरापर्यंत खाणेपिणे चालते. आम्ही बार्रा निवडले, कारण तिथे हॉस्टेलही भरपूर आहेत आणि समुद्र दारात आहे. हॉस्टेलातील सामायिक खोलीत कुलूपबंद कपाट, स्वयंपाकघर, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आणि बहुधा दरातच धरलेली सकाळची न्याहारी मिळते. पपई, कलिंगड, पाव, चीज, मक्याच्या रव्याचा वाफवलेला कुसकुस आणि कॉफी असा तो बेत असतो. तो नीट पोटभर घेतला की दुपारी उशिरापर्यंत खिशात हात घालावा लागत नाही.

सोबत मैत्रीण असण्याचा फायदा केवळ गप्पांपुरता नाही, तो हिशेबातही दिसतो. सामायिक खोलीतील दोन खाटांच्या भाड्याची बेरीज केली तर त्यात किंचितशी भर घालून पोउसादा म्हणतात तशा घरगुती अतिथिगृहात दोघींची स्वतंत्र खोली मिळू शकते. आम्ही अर्धे दिवस तशा राहिलो. रात्रीच्या टॅक्सीचे भाडे निम्म्यावर येते. नारळाचे दूध आणि पामतेल घालून मातीच्या भांड्यात शिजवलेली मोकेका ही तिथली प्रसिद्ध माशांची आमटी बहुतेक ठिकाणी दोघांच्या अंदाजानेच वाढली जाते, तेव्हा एकट्या प्रवाशाला ती परवडत नाही आणि संपतही नाही. समुद्रात उतरताना एकीने सामानाजवळ बसायचे, हा लाभ तर पैशांत मोजण्यासारखाच नाही. आम्ही पहिल्याच दिवशी सारखी कॉन्ट्री काढून एका पाकिटात ठेवली आणि दोघींचा समाईक खर्च त्यातूनच केला. ती मासे खाणारी आणि मी शाकाहारी, त्यामुळे जेवणाचा हिशेब मात्र स्वतंत्र ठेवला. मैत्री टिकवायची असेल तर हे सगळे निघण्याआधी बोलून घ्यावे. विमानात बसल्यावर बोलायला अवघड जाते.

शाकाहारी माणूस ब्राझीलमध्ये उपाशी राहतो, ही समजूत साल्व्हादोरपुरती तरी खरी नाही. दुपारच्या जेवणासाठी तिथे वजनावर अन्न देणारी उपाहारगृहे गल्लोगल्ली आहेत. ताट भरायचे, तराजूवर ठेवायचे आणि भरले असेल तेवढ्याचे पैसे द्यायचे. भात, भाजलेला भोपळा, कसावा नावाच्या कंदाचे पीठ, कोशिंबिरी आणि तळलेली केळी अशा पदार्थांनी ताट थोडक्या पैशांत भरते. मात्र काळ्या किंवा तांबूस घेवड्याच्या उसळीत मांसाचे तुकडे घातलेले असू शकतात, त्यामुळे विचारल्याशिवाय ती घेऊ नये. संध्याकाळी तव्यावर कसावाच्या स्टार्चची घावनासारखी तापिओका करतात आणि तीत खोवलेले खोबरे घालून देतात. आपला साबुदाणा याच कंदापासून होतो आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचाच, हे कळल्यावर मैत्रिणीने आपला एकादशीचा उपास बार्राच्या फुटपाथवर निश्चिंत मनाने पार पाडला.

आकाराजेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. चवळी भिजवून, साले काढून, कांद्याबरोबर वाटून तिचे मोठे गोळे देंदे नावाच्या लालभडक पामतेलात तळतात. आपल्या डाळवड्याचा हा थेट आफ्रिकन भाऊबंद म्हणावा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या स्त्रियांनी हा पदार्थ इथे आणला. त्यांच्या वंशातील स्त्रिया पांढरा घेरदार पोशाख आणि डोईला पांढरे फडके बांधून आजही चौकाचौकांत तो विकतात आणि त्यांच्या या व्यवसायाला २००५ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा मिळाला आहे. गोळा चिरून त्यात वातापा नावाचे घट्ट वाटण आणि भेंडीचे कारुरू भरतात. या दोन्हींत सुकी कोळंबी असते, म्हणून शाकाहारी माणसाने मिरचीची चटणी आणि टोमॅटोची कोशिंबीरच घालायला सांगावी आणि ‘सें कामारांव’, म्हणजे कोळंबी नको, हे दोन शब्द पाठ करून जावे. इंग्रजी तिथे फारसे चालत नाही. माझ्या मैत्रिणीच्या आईची शाळा १९६१ पूर्वीची, पोर्तुगीज माध्यमाची, आणि तिच्याकडून ऐकलेली मोडकीतोडकी वाक्येच आम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडली.

पाहण्यासारख्या गोष्टींपैकी बऱ्याच गोष्टींना तिकीटच नाही. पोर्तो दा बार्रा हा लहानसा किनारा उपसागराच्या तोंडाशी पश्चिमेकडे वळलेला असल्याने तिथे लाटा सौम्य असतात आणि सूर्य पाण्यात मावळताना दिसतो. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर असे ठिकाण विरळाच, म्हणून संध्याकाळी सगळे गाव दीपगृहाच्या हिरवळीवर येऊन बसते. वरचे आणि खालचे शहर जोडणारी लासेर्दा ही उद्‌वाहिनी १८७३ पासून लोकांची ने-आण करते आहे. ७२ मीटरची ती चढण काही सेकंदांत पार होते आणि तिचे भाडे खर्चाच्या वहीत लिहिण्याइतकेही नाही. खालच्या बंदरातून समोरच्या इतापारिका बेटावरील मार ग्रांदे गावाला नोकरदार लोक ज्या लाँचने ये-जा करतात, तिनेच आम्ही गेलो. पर्यटकांसाठीच्या सहलीच्या बोटी याच उपसागरात फिरवतात, पण त्यांचा दर कित्येक पटींनी जास्त असतो. फक्त ओहोटीच्या वेळा विचारून घ्याव्यात, कारण पाणी फार उतरले की ही लाँच बंद ठेवतात. मंगळवारी संध्याकाळी पेलोरिन्योच्या फरसबंद उतारांवर ढोलांचा नाद घुमू लागतो, तोही उभे राहून फुकट ऐकता येतो.

याच पेलोरिन्योमध्ये एका भारतीय माणसाच्या नावाने चालणाऱ्या संघटनेचे घर आहे, याची मला आधी कल्पना नव्हती. गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये, साल्व्हादोरच्या गोदीकामगारांनी ‘फिल्योस दे गांधी’, म्हणजे गांधींची मुले, या नावाचे कार्निव्हल पथक स्थापन केले आणि शांततेचा संदेश म्हणून पांढरी वस्त्रे, डोक्याला पांढरे पागोटे आणि निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा हा वेष ठरवला. त्यांचे हजारो सदस्य आजही त्याच वेषात कार्निव्हलमध्ये आफ्रिकी परंपरेची गाणी म्हणत चालतात. आम्ही भारतातून आलो असे कळल्यावर गल्लीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी स्वतःच्या गळ्यातली माळ उचलून दाखवली आणि पुढे बराच वेळ पोर्तुगीजमध्ये काहीतरी सांगितले. मैत्रिणीला त्यातले निम्मे कळले आणि मला तिच्या चेहऱ्यावरून. पेलोरिन्यो हे नाव ज्या चौकाला मिळाले तो चौक गुलामांना बांधून फटके मारण्याच्या खांबाचा. गुलामगिरी तिथे कायद्याने संपली ती १८८८ मध्ये, आणि आज शहरातील दर पाच माणसांपैकी चार जण कृष्णवर्णीय किंवा मिश्र वंशाचे आहेत. सहलीच्या बसमधून तासाभरात रंगीत घरांची छायाचित्रे काढून निघून जाणाऱ्यांच्या कानांवर यातले काय पडत असेल, अशी शंका मला तिथे वारंवार आली.

सुरक्षिततेबद्दल बाऊही करू नये आणि बेफिकीरही राहू नये. साल्व्हादोरमध्ये चोऱ्या होतात, मोबाइल हिसकावले जातात आणि एका रस्त्यावर गर्दी असताना शेजारचा रस्ता ओसाड असतो. वरच्या शहरातून खालच्या शहरात डोंगराच्या उताराने पायी उतरू नये. त्यासाठी उद्‌वाहिनी आहे. अंधार पडल्यावर चालण्याचा हट्ट न धरता ॲपवरून गाडी बोलवावी, आणि किनाऱ्यावर पासपोर्टची प्रत, थोडे पैसे व एक कार्ड एवढेच न्यावे. रात्रीची गाडी, कुलूपबंद कपाट असलेले हॉस्टेल आणि प्रवासाचा विमा या तीन बाबतींत आम्ही एक पैसाही वाचवला नाही. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत परदेशी माणसालाही तातडीचे उपचार मोफत मिळतात, ही गोष्ट ठाऊक असावी; पण तेवढ्या भरवशावर विमा टाळणे शहाणपणाचे नाही.

पैसे देण्याची रीत आपल्या सवयीची वाटते आणि तिथेच माणूस फसतो. २०२० मध्ये सुरू झालेली पिक्स ही व्यवस्था अगदी आपल्या यूपीआयसारखीच असून शहाळेवाल्यापासून सगळ्यांकडे तिचा कोड लावलेला असतो. पण त्यासाठी तिथले बँक खाते आणि करक्रमांक लागतो, तो पर्यटकाजवळ कुठला? सुदैवाने कार्डाचे यंत्र वाळूवरच्या विक्रेत्याकडेही असते. गेल्या काही वर्षांत एक रेआल साधारण १४ ते १७ रुपयांना पडत आला आहे, त्यामुळे मनातल्या मनात पंधराने गुणले की अंदाज चुकत नाही. किनाऱ्यावरच्या खुर्ची-छत्रीचा दर बसण्यापूर्वीच विचारावा, हेही जाता जाता नोंदवते. मात्र कोळशाच्या डब्यावर चीजच्या कांड्या भाजून विकणाऱ्या पोराशी किंवा आकाराजेवाल्या बाईशी दोन रेआलसाठी घासाघीस करण्याला काटकसर म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिकीट, महिना आणि राहण्याची जागा यांत वाचवण्यासारखे पुष्कळ असते. काही तरुण मंडळी विक्रेत्याला कसे नमवले याच्या कथा हॉस्टेलात अभिमानाने सांगत होती, ते ऐकवत नव्हते.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. ब्राझीलवर, किंवा आफ्रिका-दक्षिण अमेरिकेतील कोणत्याही देशावर पुरवणीत यापुढे लेख छापताना त्याखाली एक लहानशी चौकट द्यावी आणि तीत व्हिसा कुठे मिळतो, पीतज्वराची लस लागते का, ती महाराष्ट्रात व गोव्यात कोणत्या सरकारमान्य केंद्रांवर मिळते, कोणते महिने टाळावेत आणि विमानतळावरून शहरात सार्वजनिक वाहनाने कसे जावे, एवढी माहिती असावी. लशीच्या केंद्रांची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे, पण ती इंग्रजीत आहे आणि शोधल्याखेरीज सापडत नाही. आपल्या प्रतिनिधीने एकदा त्या केंद्रांना दूरध्वनी करून वार, वेळ आणि शुल्क यांची खातरजमा केली व ती यादी दिवाळीच्या सुट्ट्यांची तिकिटे काढली जातात त्या सुमारास, म्हणजे जून-जुलैमध्ये, मराठीत छापली, तर ती अनेक वाचक कापून ठेवतील.

आपली विश्वासू,
एक वाचक, सावंतवाडी